लाडावलेले कुत्रे आणि रागावलेले टीकाकार

पाळीव कुत्र्यांचे लाड हे समाजाच्या अधःपतनाचे लक्षण आहे, असे ठासून सांगणारा एक वर्ग अलीकडे बराच बोलका झाला असून पनवेल तालुक्यातील शिरढोण आणि त्याच्या आसपासच्या परिसराकडे बोट दाखवणे त्याला विशेष आवडते. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: ज्या शिरढोणात ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके जन्मले, तेथून जाणाऱ्या मुंबई-गोवा महामार्गावर आता शनिवार-रविवारी मोटारींच्या खिडक्यांतून कुत्र्यांची मुंडकी बाहेर डोकावतात, फार्महाऊसवर त्यांचे वाढदिवस होतात, पावसाळ्यात त्यांना रेनकोट चढवले जातात, हे सारे पाश्चात्त्यांचे अनुकरण आहे, यात पैशाची नासाडी आहे, कुत्र्याचे कुत्रेपण जाते आणि क्रांतिकारकाच्या भूमीला हे शोभत नाही.

शेवटचा आक्षेप आधी निकालात काढणे सोयीचे आहे. फडक्यांच्या बंडामागे १८७६-७७ चा दुष्काळ आणि त्यात मेलेली माणसे होती. त्यांनी रामोशी, कोळी, भिल्ल, धनगर यांना एकत्र आणून इंग्रजी सत्तेला आव्हान दिले आणि १८८३ साली एडनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. यांपैकी कोणत्या घटनेवरून कुत्र्याला सोफ्यावर बसू देऊ नये हा निष्कर्ष निघतो, हे आक्षेपकाने दाखवलेले नाही. थोरांचे नाव घेऊन शेजाऱ्याच्या घरात डोकावण्याची ही सवय जुनीच आहे. पैशाच्या नासाडीबद्दल एवढेच म्हणता येईल की ज्याचा पैसा त्याने तो कुत्र्यावर खर्चावा की लग्नातल्या फटाक्यांवर, हे ठरवण्याचा मक्ता आक्षेपकाला कोणी दिलेला नाही.

खरा समाचार घ्यायला हवा तो अनुकरणाच्या आरोपाचा, कारण तो आरोप करणाऱ्याला स्वतःच्या परंपरेची ओळखच नाही, असे त्यातून उघड होते. दत्तात्रेयाच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री असतात आणि ती चार वेदांची प्रतीके मानली जातात. ही तसबीर ज्या घरात आहे त्या घरात कुत्र्याला उंबऱ्याबाहेर ठेवण्यासाठी परंपरेचा आधार शोधणे ही मोठी विसंगती आहे. खंडोबाच्या परिवारात कुत्रा आहे, त्याच्या सेवेला वाहिलेला पुरुष भक्त वाघ्या म्हणवला जातो, आणि काही विधींत हे वाघे कुत्र्यासारखे भुंकून कोटंब्यातले, म्हणजे भिक्षेच्या लाकडी पात्रातले, अन्न तोंडाने खातात. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे ती कोरडी खाऊ नये म्हणून तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा तर महाराष्ट्रात लहान मुलांनाही सांगितली जाते. त्या कथेत लाड कोणाचे चालले आहेत, हे आक्षेपकाने शांतपणे तपासावे. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात युधिष्ठिर सोबतच्या कुत्र्याला सोडून स्वर्गात जायला नकार देतो. राष्ट्रकूट सम्राट तिसऱ्या कृष्णाच्या काळात, इ. स. ९४९-५० च्या सुमारास, आजच्या कर्नाटकातील आतकूर येथे रानडुकराशी झुंजून मेलेल्या काळी नावाच्या कुत्रीसाठी वीरगळ, म्हणजे रणात पडलेल्या वीरासाठी उभारतात तसा शिलालेखयुक्त दगड, उभारला गेला. या साऱ्याच्या वेळी पश्चिमेचे वारे कोठून वाहत होते, याचा खुलासा व्हायला हवा.

याच संदर्भात रायगडावरील वाघ्या नावाच्या कुत्र्याच्या स्मारकाचा वाद पुन्हा उकरला जातो, म्हणून त्याबद्दलही बोलणे भाग आहे. शिवछत्रपतींच्या चितेत कुत्र्याने उडी घेतल्याला समकालीन पुरावा नाही, हे मान्य करण्यात काहीच कमीपणा नाही. स्मारक १९३६ सालचे आहे आणि पुतळा तेथे असावा की नसावा हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकांनी सोडवावा. पण एका कुत्र्याने धन्यासाठी एवढे केले असेल, हे मराठी माणसाला सहज खरे वाटले आणि त्याने त्यासाठी दगड घडवला, ही गोष्ट कोणताही पुरावा मागे घेऊ शकत नाही. उलट बाजू पाहायची तर मुंबईकडे पाहावे. जून १८३२ मध्ये कंपनी सरकारच्या पोलिसांनी भटकी कुत्री मारण्याची मोहीम चालवली, तेव्हा पारशी रस्त्यावर उतरले, इतर समाजही त्यांना सामील झाले, दुकाने बंद पडली आणि दंगल झाली. म्हणजे या प्रसंगात कुत्री मारणारा इंग्रज होता आणि त्यांच्यासाठी भांडणारा येथला रहिवासी. तरीही अनुकरणाचा आरोप मात्र कुत्रा पाळणाऱ्यावरच.

आणि लाडच खुपत असतील तर आक्षेपकाने याच पनवेल तालुक्यात शर्यतीच्या बैलांचे दैनंदिन जीवन पाहावे. त्यांना दूध आणि अंडी मिळतात, त्यांच्या अंगाला मालीश होते, त्यांचे फलक नाक्यावर लागतात, आणि त्याला कोणी अधःपतन म्हणत नाही. म्हणूही नये, कारण ती शेतकऱ्याची माया आहे. मग तीच माया कुत्र्यावर केली की ती परकी कशी ठरते?

राहिला कुत्रेपण जाण्याचा आक्षेप. तो करणाऱ्याने लाडावलेल्या कुत्र्यासोबत एक दिवसही काढलेला नसावा. असे कुत्रे शाम्पूची आंघोळ मुकाट्याने सोसते, टॉवेलने पुसून घेते आणि दार उघडताच अंगणातल्या तांबड्या मातीत पाठीवर लोळून साऱ्या श्रमांवर पाणी फिरवते. घरात कोणी नसताना ते सोफ्यावर ताणून देते, कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज येताच खाली उतरून पायपुसण्यावर साळसूदपणे बसते, आणि सोफ्याची ऊबदार खोलगट जागा त्याची चहाडी करते. हाक मारून न येणारे हेच कुत्रे तिसऱ्या खोलीतून बिस्किटाच्या पुड्याची चुरचुर ऐकून हजर होते. कोकणातल्या आषाढी पावसात ते उंबऱ्यावर एक पाय उचलून उभे राहते, बाहेर पाहते, धन्याकडे पाहते आणि मागे वळते. शेवटी धनी स्वतः भिजत त्याच्यावर छत्री धरतो. कुत्रे घरात येऊ देणार नाही असे बजावणारी आजीच पुढे पहिली भाकरी त्याला मोडते, आणि भाकरीला तूप नसेल तर ते तिच्याकडे असे पाहते की ती पुन्हा स्वयंपाकघरात जाते. यात कुत्रेपण गेल्याचे कोठेच दिसत नाही. बदलले असेल तर घरातल्या माणसांचे वागणे बदलले आहे, आणि ते चांगल्यासाठी.

मंडनाच्या बाजूने सांगायचे ते असे की लाड करावेत, पण ते कुत्र्याच्या शरीराला मानवणारे असावेत. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही. ते धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर टाकते आणि किनाऱ्याजवळच्या दमट हवेत ही क्रिया मंदावते, म्हणून दुहेरी लोकरीचा हस्की पनवेलच्या मे महिन्यात ठेवणे हा लाड नसून छळ आहे. सडपातळ, आखूड केसांचे कारवानी कुत्रे याच दख्खनचे असताना ते सुचत नाही, हे दुर्दैव आहे. वाढदिवसाच्या केकमधले चॉकलेट त्याला विषारी असते. कांदा आणि द्राक्षेही अपायकारक असतात. रेबीजची लक्षणे एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, म्हणून लस वेळेवर टोचणे हा लाडातला पहिला लाड मानावा, आणि फिरायला नेताना विष्ठा उचलण्यासाठी कागद जवळ ठेवावा.

आक्षेपकाला खरोखर रागवायचेच असेल तर त्याने रागवावे अशी एक जागा आहे. ज्या फार्महाऊसवर शनिवार-रविवारी कुत्र्याला मांडीवर घेतले जाते, फोटो निघतात, आणि सोमवारी मालक मुंबईला गेला की तेच कुत्रे पुढचे पाच दिवस रखवालदाराच्या खोलीमागे साखळीला बांधलेले असते, भांड्यातले पाणी आटलेले असते आणि महामार्गावरून वळणाऱ्या प्रत्येक मोटारीच्या आवाजाला ते उठून उभे राहते, तेथे आवाज उठवायला हवा. ज्याला सातही दिवस सोबत राहता येत नसेल त्याने कुत्रे पाळू नये, ही मागणी आक्षेपकाने केली असती तर त्याला पाठिंबा देण्यावाचून दुसरे काही करावे लागले नसते.