कपाटात कोंडलेला प्रकाश

खेड्यात इंटरनेट पोहोचले, या वाक्याचे दोन अर्थ आहेत. एक सरकारी आणि दुसरा गावकऱ्याचा. प्रकाशतंतूची तार ज्या दिवशी ग्रामपंचायत कार्यालयातील पेटीला जोडली जाते, त्या दिवशी सरकारदप्तरी ते गाव 'जोडले गेले'. गावकऱ्याच्या लेखी मात्र, त्याची मुलगी संध्याकाळी अभ्यासाला बसते आणि तिचा पाठ, तिचा अर्ज, तिचा निकाल न अडखळता समोर येतो, तेव्हाच गाव जोडले गेले. या दोन अर्थांमधील अंतर बहुधा काही शे मीटरांचे असते. परंतु नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील कितीतरी गावांना ते अजून ओलांडता आलेले नाही. हे अंतर तंत्रज्ञानाचे नसून जबाबदारीचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम आश्वासनांचा हिशेब पाहू. अडीच लाख ग्रामपंचायतींना प्रकाशतंतूने जोडण्याच्या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ ऑक्टोबर २०११ रोजी मान्यता दिली. पुढे तिचे नाव 'भारतनेट' झाले. पहिल्या एक लाख ग्रामपंचायतींचा टप्पा २०१७ च्या डिसेंबरात पूर्ण झाला. १५ ऑगस्ट २०२० रोजी लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी घोषणा केली, की एक हजार दिवसांत देशातील सहा लाख खेडी प्रकाशतंतूने जोडली जातील. तो हजारावा दिवस १२ मे २०२३ रोजी उगवला आणि मावळला. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ४ ऑगस्ट २०२३ रोजी, १,३९,५७९ कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला. न जोडलेल्या ४२ हजार ग्रामपंचायती, 'मागणीनुसार' जोडावयाची उरलेली ३.८४ लाख गावे आणि दीड कोटी ग्रामीण घरांच्या जोडण्या, हे त्याचे उद्दिष्ट. वाचकहो, या आकड्यांवर निराळे भाष्य करण्याची गरजच नाही. जे अजून करावयाचे आहे त्याची यादीच जे झाले नाही त्याची कबुली आहे.

आणि हा पैसा कोणाचा? दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातील पाच टक्के वाटा २००२ पासून खेड्यांतील सेवेसाठी एका निधीत जमा होतो. २०२३ च्या कायद्याने त्याचे नाव 'डिजिटल भारत निधी' झाले. कंपन्यांचा महसूल म्हणजे अखेर आपण भरलेली बिले आणि रिचार्ज. मुखेडचा शेतमजूर आणि देवणीची अंगणवाडी सेविका त्यात दर महिन्याला भर घालतात. तेव्हा घरापर्यंत तार मागणे ही याचना नव्हे; जी वस्तू आपण पैसे मोजून घेतली ती ताब्यात मागणे आहे.

आता पंचायतीच्या पेटीचे काय होते ते पाहू. प्रकाशतंतू म्हणजे केसाएवढा काचेचा धागा. त्यातून प्रकाश धावतो आणि प्रकाशाबरोबर माहिती. तार अवाजवी वाकली तर प्रकाश गळतो, तुटली तर थांबतो. पहिल्या टप्प्यात तालुक्याच्या केंद्रापासून बीएसएनएलची जुनी तार जेथवर होती तेथवर तीच वापरली गेली आणि पुढचा तुकडा नवा टाकला गेला. गावे एकामागून एक माळेसारखी ओवली गेली. दोरा एका जागी तुटला की पुढचे सारे मणी गळाले. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. रस्ता रुंद करणारा जेसीबी आणि नळयोजनेचा चर खणणारा कंत्राटदार यांना खाली काय पुरले आहे याची खबर नसते. खोदण्यापूर्वी तारेच्या मालकाला कळवण्याचे ॲप केंद्राने मार्च २०२३ मध्ये काढले. पण बांधावरच्या चालकाच्या हाती ते कोण देणार? शिवाय त्या पेटीला वीज लागते. वीज गेली, बॅटरी संपली, कार्यालयाला कुलूप लागले, की कपाटात प्रकाश कोंडला गेला आणि गाव पुन्हा अंधारात.

हे टाळता आले असते, याचा पुरावा आपल्याच इतिहासात आहे. सी-डॉट या संस्थेने ग्रामीण टेलिफोन केंद्र तयार केले आणि त्यातील पहिले १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे सुरू झाले. वातानुकूलित खोली नसली तरी धूळ आणि ऊन सोसून चालावे, अशीच त्याची रचना होती. आखणाऱ्याने आधी खेडे पाहिले आणि मग यंत्र बनवले. त्यानंतर आले पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ. त्या बूथचे खरे सामर्थ्य तारेत नव्हते, ते चालवणाऱ्या माणसात होते. फोन बंद पडला की त्याचे कमिशन बुडे; म्हणून तोच धावपळ करी, तोच लाईनमनच्या मागे लागे. गावाला रागावण्यासाठी एक ओळखीचा चेहरा होता. आज तार आहे, पेटी आहे. राखणदार मात्र नाही.

एका गावातील आमच्या वसतिगृहात घेतलेली जोडणी पुलाच्या कामात तुटली. पेटीवरचा लाल दिवा आठवडाभर लुकलुकत राहिला आणि त्याच आठवड्यात कंपनीचा संदेश आला, की आपली तक्रार दूर करण्यात आली आहे. दूर झाली ती तक्रार; बिघाड जागच्या जागी होता. असा अनुभव सांगणारी कुटुंबे प्रत्येक धर्मग्रामात भेटतात.

यावर काही आक्षेप हमखास घेतले जातात. पहिला असा, की हातात मोबाईल असताना तार हवी कशाला? वस्तुतः मोबाईलचा मनोरा हवेवर जगत नाही. त्याच्यामागेही तारच लागते किंवा दुसऱ्या मनोऱ्याचा आधार लागतो. शिवाय मनोऱ्याची क्षमता सारे गाव वाटून घेते. संध्याकाळी सगळे एकदम आले की प्रत्येकाच्या वाट्याला चिमूट येते. ब्रॉडबँड म्हणण्यासाठी लागणारा किमान वेग २००४ च्या धोरणात सेकंदाला २५६ किलोबिट होता, २०२३ मध्ये तो २ मेगाबिट झाला. संध्याकाळी आठ वाजता तेवढा तरी कोणाला मिळतो, हे ज्याने त्याने आपल्या घरी तपासावे.

दुसरा आक्षेप नैतिक वेष घेऊन येतो. खेड्यातील पोरे रील पाहण्यातच वेळ घालवणार! शहरातील पोरे काय तारेवरून स्तोत्रे ऐकतात? गैरवापराच्या भयाने सोय नाकारायची, तर ती मुंबई-पुण्यापासून नाकारावी. इकडे गरज काय आहे ते पाहा. पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवर करावी, ही ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर आहे. अकरावीचे प्रवेश २०२५ पासून सर्व महाराष्ट्रात ऑनलाइन झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात ढगफुटीसारखा पाऊस झाला, हसनाळसारख्या गावांत माणसे गेली, लष्कर बोलवावे लागले. अशा संकटानंतरच्या अनुदानासाठीही आधारची खातरजमा सेवा केंद्रात जाऊन करण्याची पद्धत आपण पाहिली आहे. राज्याने आपला प्रत्येक दरवाजा इंटरनेटवर नेऊन ठेवला आणि मग गावकऱ्याला सांगितले, की तुला इंटरनेटची गरज नाही! 'लातूर पॅटर्न'चा गौरव आपण करतो. पण त्यासाठी जिल्हाभरातील आईबाप कर्ज काढून मुलांना शहरातील खोल्यांत ठेवतात. गावात भरवशाची जोडणी असती, तर या ओझ्यातील थोडे तरी उतरले असते. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये फहीमा शिरीन या विद्यार्थिनीच्या प्रकरणात इंटरनेट वापरण्याचा हक्क शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला, तो याच जाणिवेतून.

तिसरा आक्षेप, की आधी पाणी, मग बाकीचे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरला पाण्याचे मोल कोणी शिकवू नये. पण नळ हवा की तार, असा सवाल शहरातील माणसाला कोणी कधी केला आहे काय? नळासाठी गावोगाव चर खणले गेले. त्याच चरातून तारेची नळी टाकता आली असती. टाकली नाही, उलट असलेली तार तोडली. याला अग्रक्रम म्हणत नाहीत, बेपर्वाई म्हणतात. देशाच्या स्वातंत्र्यानंतर मराठवाड्याला मुक्तीसाठी १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत, तेरा महिने थांबावे लागले. तेव्हापासून थांबणे हाच जणू आमचा स्वभाव आहे, असे राज्यकर्त्यांनी गृहीत धरले आहे.

सुधारित कार्यक्रमात माळेऐवजी कड्याची रचना आहे, म्हणजे एका बाजूने तार तुटली तरी दुसऱ्या बाजूने प्रकाश यावा. दहा वर्षांच्या देखभालीची तरतूद आहे. हे स्वागतार्ह आहे. तथापि कंत्राटात देखभाल लिहिली म्हणजे ती होते, असे नाही. काचेचे तंतू जोडण्याचे यंत्र आणि ते चालवणारा माणूस जिल्ह्याच्या ठिकाणी बसून असेल, तर किनवटच्या टोकाच्या गावाला कड्याचाही उपयोग नाही. आयटीआय झालेली मुले आपल्या तालुक्यांत काम शोधत आहेत. हे काम त्यांना शिकवावे, दहा-पंधरा गावांची राखण सोपवावी आणि मोबदला टाकलेल्या किलोमीटरवर नव्हे, तर चालू असलेल्या घरांवर द्यावा. एसटीडी बूथचा धडा तो हाच.

सरकार करणार नसेल, तर लोकांनी करावे. इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या शेतकऱ्यांनी २०११ मध्ये कंपनी न येण्याचे रडगाणे थांबवले, स्वतःची संस्था काढली, आपल्या शेतांतून मोफत वाट दिली आणि स्वतः चर खणून घराघरांत तार नेली. हे आपल्याला परके वाटू नये. ज्यांच्या वाडवडिलांनी सावकाराला उत्तर म्हणून १९१८ मध्ये बॅसीन कॅथॉलिक बँकेची सहकारी पेढी उभारली, ज्या मराठवाड्याने सहकारातून साखर कारखाने उभे केले, त्यांना शंभर घरांची तार सांभाळणे जड नाही.

तोवर हक्क सोडू नये. तक्रार तोंडी न करता नोंदवावी, तिचा क्रमांक जपून ठेवावा. निवारण झाले नाही, तर कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते. तशी तरतूद २०१२ च्या नियमांतच आहे. आणि २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरतात, तेथे आपल्या धर्मग्रामातील प्रत्येक कुटुंबाने उभे राहून तीन प्रश्न विचारावेत. गावात आज किती घरांत तारेचे इंटरनेट चालू आहे? ते बंद पडले तर दुरुस्तीला कोण येणार, त्याचे नाव काय? आणि पंचायतीच्या त्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे? उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्यावीत आणि पुढच्या सभेत तीच पुन्हा वाचून दाखवावीत.