कच्चं मडकं

आपल्या हिंगोली जिल्ह्यातलं नरसी गाव तुम्हांला माहीत असेलच. संत नामदेवांचं जन्मगाव! त्यांची एक गोष्ट आजीने नक्की सांगितली असेल. संतमंडळी जमली होती. यातलं कच्चं मडकं कोणतं, असं मुक्ताबाईंनी विचारलं. गोरोबाकाकांनी थापटणं उचललं आणि एकेकाच्या डोक्यावर ठोकून पाहिलं. बाकीचे गप्प राहिले, नामदेव तेवढे रागावले. गोरोबाकाका म्हणाले, "हे मडकं कच्चं!"

आज ही गोष्ट का आठवली? तुमच्यापैकी कुणाचा दादा, कुणाची ताई प्रोग्रामरच्या पहिल्या नोकरीसाठी अर्ज लिहीत असेल. अनुभवाच्या रकान्यात काय लिहायचं? मग कुणीतरी सांगतं, "दे ठोकून एक वर्ष! सगळेच लिहितात."

असं ठोकून दिलेलं उघडकीला येतं बरं का. स्कॉट थॉम्पसन हे याहू कंपनीचे प्रमुख. त्यांची पदवी हिशेबशास्त्राची, पण परिचयात कॉम्प्युटर सायन्सचीही छापलेली. मे २०१२मध्ये, जेमतेम चार महिन्यांत, त्यांना पद सोडावं लागलं. २०२२मध्ये ॲक्सेंचर कंपनीने भारतात अनुभवाची खोटी पत्रं देणाऱ्यांना कामावरून काढलं.

पण समजा, कधीच पकडलं गेलं नाही, तर? तर ते चालेल का? विचार करा हं. ज्याने खरं तेच लिहिलं, त्याची जागा गेली. तो कदाचित सेनगावचा किंवा कळमनुरीचा, तुमच्या दादासारखाच, पहिल्या नोकरीची वाट पाहणारा.

मग स्वतःबद्दल चांगलं लिहूच नये का? जरूर लिहावं! पाहुण्यांचं ताट आपण नीट मांडतोच की. पण जिलबी केलीच नाही, तर ती वाढली असं कसं म्हणणार? शाळेच्या वाचनालयासाठी पुस्तकांची नोंद ठेवणारा छोटा प्रोग्राम केला असेल, तर तो कसा केला, कुठे अडलो, हे लिहावं. जे येत नाही त्यापुढे 'शिकतो आहे' लिहावं. मात्र खरंच शिकत असलो तरच!

आणि आईबाबांनो, "काहीही कर, पण नोकरी मिळव," असं म्हणताना जरा जपून. मुलं त्यातलं 'काहीही' नेमकं ऐकतात.

हो, नामदेवांचं पुढे काय झालं? ते रुसून घरी बसले नाहीत. औंढा नागनाथला गेले आणि विसोबा खेचरांना गुरू केलं. आपण कच्चे आहोत हे मानलं, म्हणून तर गुरू भेटला!