लेन्स पस्तीसचीच, आणि हूड आधी

मागच्या महिन्यात मेसमध्ये एक वाद झाला. विषय होता जुन्या कॅमेऱ्याला कुठली वाइड लेन्स घ्यावी. आमच्या ब्रँचच्या दोन मुलांचं म्हणणं, "घ्यायचीच तर २८ घे, नाहीतर २१. वाइड म्हणजे वाइड." तिसरा म्हणाला, "कशाला पैसे घालवतेस, फोनमध्ये वाइड आहेच की." भात थंड झाला आणि वाद तसाच राहिला. तेव्हा म्हटलं, मॅगझिनमध्येच लिहून टाकू, निदान कोणी मध्ये बोलणार नाही.

माझं मत सरळ आहे. रेंजफाइंडर कॅमेऱ्याला एकच जुनी वाइड लेन्स घ्यायची असेल तर ३५ मिलिमीटरची घ्यावी. आणि लेन्सच्या नावावर पैसे उधळण्याआधी तिला बसणारा योग्य हूड शोधावा. हूड म्हणजे शोभेची टोपी नव्हे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रेंजफाइंडरमध्ये आपण लेन्समधून बघतच नाही. बाजूला एक छोटी खिडकी असते, तिच्यात दोन प्रतिमा दिसतात आणि त्या एकावर एक आणल्या की फोकस झाला. आत आरसा नसतो. एसएलआरमध्ये आरसा हलायला जागा लागते, म्हणून लेन्स फिल्मपासून लांब बसवावी लागते. निकॉन एफमध्ये हे अंतर ४६.५ मिलिमीटर आहे. जुन्या स्क्रू माउंटच्या लायकामध्ये, आणि तोच माउंट घेतलेल्या रशियन झोर्कीमध्ये, फक्त २८.८. त्यामुळे रेंजफाइंडरची वाइड लेन्स मागे अगदी फिल्मच्या जवळ जाऊ शकते आणि लहान, साधी राहू शकते. एसएलआरवाल्यांना त्यासाठी उलटी, लांबलचक रचना करावी लागली. फ्रान्सच्या आंजेन्यूने ती १९५० मध्ये बाजारात आणली. म्हणजे वाइड लेन्स हा रेंजफाइंडरचा घरचा खेळ आहे.

माझ्याकडे आजोबांचा झोर्की-४ आहे, ५० च्या लेन्ससकट. (शटर आधी ओढायचं, मगच स्पीड बदलायचा. उलटं केलंत तर आतली यंत्रणा बिघडते. आजोबांनी हे पाठीवर कागद चिकटवून लिहून ठेवलं होतं, म्हणून कॅमेरा वाचला.) मला वाइड लेन्स हवी होती ती हौसेपोटी नाही. अहेरीला आमचं जुनं घर उतरवून स्लॅबचं बांधायचं ठरलं होतं. सागवानी खांबांची ओसरी, कवेलूचं छप्पर, आणि त्या ओसरीत रोज सकाळी सुपात तांदूळ निवडणारी आजी. हे सगळं एका फोटोत यायला हवं होतं, आणि दिवाळीनंतर ते उरणार नव्हतं.

आता गणित बघा, आपण इंजिनिअर आहोत. फिल्मची चौकट ३६ मिलिमीटर रुंद. लेन्स ३५ ची. म्हणजे समोरचं जेवढं अंतर, जवळजवळ तेवढीच रुंदी फोटोत येते. तीन मीटरवर उभे राहा, तीन मीटर रुंद दिसेल. आमच्या गल्लीत मागे समोरच्यांची भिंत आहे. भिंतीला पाठ लावली तरी ओसरी साडेतीन मीटरवर. खांबापासून खांबापर्यंत ओसरी साधारण ३.३ मीटर. ५० च्या लेन्सने त्या अंतरावरून अडीच मीटर दिसतात, म्हणजे एक खांब गेला. ३५ ने ३.६ मीटर. दोन्ही खांब आत, बाजूला चार बोटं मोकळी. २८ ने साडेचार मीटर. तेव्हा २८ मध्ये जास्त येतं हे खरं आहे, पण जास्त काय येतं? शेजारच्यांचा कूलर आणि पाण्याची निळी टाकी. आणि आजी ३५ च्या मानाने वीस टक्के लहान दिसते. कडेला बसली तर चेहराही ताणला जातो. मग २८ घेऊन पुढे सरकायचं का? सरकता येतं, पण तेव्हा तुम्ही ओसरीत पाय टाकलेला असतो आणि आजी म्हणते, "चहा घे, बस."

३५ चा अजून एक फायदा, जो मला नंतर कळला. माझ्या झोर्कीच्या खिडकीत फक्त ५० चं दृश्य दिसतं. वाइड लेन्स लावली की वर वेगळा व्ह्यूफाइंडर लावावा लागतो, आणि तो कधी कधी लेन्सइतकाच महाग मिळतो. ३५ ला मात्र वरचा नियम पाठ केला की निभतं. रेंजफाइंडरने अंतर मोजा, तेवढीच रुंदी धरा. व्ह्यूफाइंडर मी अजून घेतलेला नाही. लायकानेसुद्धा १९५४ च्या एम-३ मध्ये ३५ ची चौकट दिली नव्हती, ती पुढे एम-२ मध्ये आली. तेव्हा आपली गैरसोय एवढी काही मोठी नाही.

लेन्स कुठली? लायकाचा जुना समारॉन ३५ सुंदर आहे, पण तो माझ्या किंवा तुमच्या खिशाचा नाही. मी घेतली रशियन ज्युपिटर-१२, एफ २.८ ची. हिचं मूळ डिझाइन झाइसच्या बायोगॉनचं, लुडविग बेर्टेलेने युद्धाआधी केलेलं. २८ मध्ये रशियन ओरायन-१५ मिळते, पण ती एफ ६ ची. गुणाकार करा, एफ २.८ ला तिच्या साडेचार पटीहून जास्त उजेड मिळतो. पावसाळ्यात कवेलूच्या घरात दुपारी दोनला काय उजेड असतो ते आमच्याकडे येऊन बघा, मग बोला.

ज्युपिटर घेताना दोन गोष्टी बघायच्या. एक, ती दोन माउंटमध्ये आली. स्क्रूची झोर्की आणि फेडला लागते, दुसरी किएव्हची, ती आपल्याला बसत नाही. दोन, तिची मागची काच बाहेर आलेली असते, जवळजवळ फिल्मला टेकेल इतकी. ठेवताना मागचं झाकण खोल हवं. आत लाइट मीटर असलेल्या काही कॅमेऱ्यांत ती अडकते, तेव्हा जबरदस्ती करू नका.

मी ती मुंबईला बोरा बाजारात मावसभावाबरोबर जाऊन, हातात घेऊन बघून घेतली. जुन्या लेन्सच्या बाबतीत माझा हा हट्ट आहे. मोबाइलचा टॉर्च मागून मारायचा आणि आत बघायचं. पुढच्या काचेवर एखादा बारीक ओरखडा असला तर घाबरू नका, फोटोत तो बहुतेक दिसतही नाही. पाकळ्यांवर तेल दिसलं तरी चालतं, कारण या पाकळ्या हाताने फिरतात, एसएलआरसारख्या क्षणात मिटायच्या नसतात. पण आत धुक्यासारखा पांढरा थर किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर नमस्कार करून बाहेर पडा. ती बुरशी. आमच्या गडचिरोलीच्या पावसाळ्यात ती चपलांना लागते, पुस्तकांना लागते, लेन्सला तर लागतेच. आजोबांची ५० ची लेन्स अशीच अर्धी गेली आहे.

आता हूड. इथे मी स्वतः माती खाल्ली आहे, म्हणून जरा विस्ताराने.

काच आणि हवा जिथे भेटतात तिथे प्रत्येक पृष्ठभागावर साधारण चार टक्के प्रकाश परत फिरतो. ज्युपिटर-१२ मध्ये सहा काचा चार गटांत आहेत, म्हणजे असे आठ पृष्ठभाग. कोटिंग नसतं तर ०.९६ चा आठवा घात, म्हणजे ७२ टक्के प्रकाश सरळ पोचला असता. बाकीच्यातला काही आत भटकून फिल्मवर कुठेही पडला असता. झाइसच्या स्माकुलाने १९३५ मध्ये कोटिंगची युक्ती काढली म्हणून हे बरंच कमी झालं, आणि माझ्या लेन्सवरही कोटिंग आहे. पण ते एकपदरी, आजच्यासारखं नाही. समोर पांढरं आकाश असलं की काळा रंग राखाडी होतोच. आलापल्लीच्या जुन्या सागाच्या राखीव जंगलात, ज्याला ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ म्हणतात, तिथे हे फार होतं. खाली गर्द सावली आणि वर पानांच्या फटीतून पांढरे झरोके. मार्चमध्ये पानगळीनंतर तर सगळं जंगलच पांढरं. माझा पहिला रोल असाच धुऊन निघाल्यासारखा आला. ओसरीच्या वर, कवेलूच्या काठाला लागूनच, दुपारचं आकाश, आणि सागवानी खांब राखेच्या रंगाचे.

म्हणून मी घाईने ऑनलाइन एक हूड मागवला. विकणाऱ्याने लिहिलं होतं, "४०.५ मिमी, सर्व लेन्सेसना चालेल." थ्रेड बरोबर बसला. नळीसारखा सरळ, अडीच सेंटिमीटर खोल, दिसायला झकास. आजी म्हणाली, "कॅमेऱ्याले टोपी कायले घातली?" दिवाळीच्या सुटीत अख्खा रोल त्याने काढला. रूमवर आल्यावर रात्री बाथरूममध्ये निगेटिव्ह धुतले (रेक्टर मॅडमनी रात्री दीडला दार वाजवलं ती वेगळी गोष्ट) आणि बघते तर छत्तीसच्या छत्तीस फ्रेम्सना चारी कोपरे काळे, कात्रीने कापल्यासारखे. दोन्ही खांबांची वरची टोकं, जिथे कोरीव काम होतं, ती नेमकी त्या कोपऱ्यांत.

चूक कुठे झाली? कोपऱ्यापर्यंतचा किरण ३५ च्या लेन्समध्ये सुमारे ३२ अंशांनी आत येतो. म्हणजे हूड एक सेंटिमीटर पुढे आला की त्याचं तोंड सव्वा सेंटिमीटरने रुंद व्हायला हवं. ५० च्या लेन्सला नऊ मिलिमीटरसुद्धा लागत नाहीत. सरळ नळी तर रुंद होतच नाही. आणि रेंजफाइंडरमध्ये आपण लेन्समधून बघत नसल्यामुळे हे खिडकीत दिसत नाही, फिल्म धुतल्यावरच कळतं. उलट खिडकीत वेगळीच अडचण दिसते. मोठा हूड दृश्याचा खालचा उजवा कोपरा झाकतो. जुन्या हूडना खिडक्यांसारख्या खाचा असतात त्या याचसाठी, म्हणजे त्यांतून पलीकडचं दिसावं.

तपासायची सोपी पद्धत आहे. झोर्कीची पाठ पूर्ण निघते. फिल्म नसताना शटर बी वर उघडं धरायचं, चौकटीच्या कोपऱ्यातून तिरपं बघायचं. पाकळ्यांचं भोक पूर्ण दिसलं तर हूड पास. हूडच्या कडेने ते कापलं गेलं तर फोटोही कापला जाणार. किंवा ड्रॉइंगच्या तासाचा ट्रेसिंग पेपर चौकटीवर लावून खिडकीकडे धरा. दोन मिनिटांचं काम. ते मी आधी केलं नाही.

शेवटी मी ४०.५ वरून ४९ ला जाणारी रिंग घेतली आणि तिच्यावर ४९ चा आखूड, पसरट तोंडाचा वाइड हूड. ज्युपिटरची एक खोड अशी की एफ नंबर फिरवायची रिंग पुढच्या तोंडाच्या आतल्या बाजूला आहे. खोल नळीत बोट पोचत नाही, पसरट तोंडात पोचतं. तरी मी एफ ८ लावून ठेवते आणि फोकस पाच मीटरवर. अडीच मीटरपासून पुढचं सगळं चालण्याइतकं स्पष्ट येतं.

फोनवाल्या मित्रासाठी एक सांगायचं आहे. फोनने मीही काढते. पण आमच्याकडे आठवडी बाजारात बाहेरून लोक येतात, हातभर लांब लेन्स लावून पलीकडच्या टपरीआडून माडिया बायांचे फोटो काढतात. बाईला पत्ताही नसतो. ३५ ने असं करता येत नाही. चेहरा दिसायला हवा तर दीड मीटरवर जावं लागतं, आणि दीड मीटरवर उभं राहून न विचारता कॅमेरा उचलायला आपल्याला लाज वाटते. वाटायलाच हवी. मुंबईच्या सफाई कामगारांची सुधारक ओलवे यांची चित्रं बघा, ती माणसांच्या शेजारी उभं राहून घेतलेली आहेत हे लगेच कळतं. मी मोहफुलं विकायला बसलेल्या एका बाईला विचारलं. मला माडिया येत नाही, खुणेनेच विचारलं. तिने मान हलवून नाही म्हटलं. म्हणून तो फोटो माझ्याकडे नाही.

ओसरीचा मिळाला. दिवाळीनंतरचं काम मजूर न मिळाल्याने जानेवारीपर्यंत लांबलं, तेवढ्यात मी एका शनिवार-रविवारला एसटीने जाऊन आले. नवीन हूड, सकाळची वेळ, भिंतीला पाठ. खांब काळे आले, कोपरे स्वच्छ. आजी मात्र त्या दिवशी तांदूळ निवडत नव्हती, फोटोसाठी नवं लुगडं नेसून हात मांडीवर ठेवून बसली होती. कितीही सांगितलं तरी सूप हातात घेईना.

लेन्स सध्या माझ्या रूमवर, सिलिका जेल टाकलेल्या डब्यात आहे. वर्कशॉपमधल्या कोणाला लेथवर ३५ साठी खाचांचा हूड काढता येत असेल तर मापं मी देते. लेन्स बघायला यायचं तर खुशाल या, फक्त मागच्या काचेला बोट लावू नका.