शाल मिळाली, आता आकडा सांगा

इथे मी एरवी जुन्या इंदूरचे फोटो टाकते, रामबागेतले, लग्नाच्या पंगतींचे. आज फोटो नाही. आज भांडण आहे आणि ते आपल्याच लोकांशी आहे, म्हणून आपल्यातच मांडतेय.

कोजागिरीला माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, "खो-खोच्या ताई" म्हणून चार गोड शब्द. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग मसाला दूध घेताना एक गृहस्थ जवळ आले. एका कॉलेजच्या व्यवस्थापन समितीवर आहेत. म्हणाले, "ताई, तुमच्याच एका विद्यार्थिनीला मुलींच्या संघाची कोच म्हणून घेतोय. आठ हजार मानधन." मी विचारलं, मुलांच्या क्रिकेट कोचला किती? "तिथे बावीस द्यावे लागतात. त्याखाली कोणी येतच नाही. आणि हिचं तसं काही अडत नाही, नवरा बँकेत आहे."

हे बोलणं मी १९८९ सालीही ऐकलंय. माणूस वेगळा, कॉलेज वेगळं, वाक्य तेच.

तेव्हा मला महिना ६०० रुपये मिळायचे आणि क्रिकेटच्या सरांना १,५००. हा आकडा मला सरांनीच सांगितला. फार भला माणूस, पावसात स्कूटरवरून घरी सोडायचे. सर चांगलं शिकवायचे, त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. पण दोघांच्या कामाकडे बघा. त्यांची मुलं आपापली मैदानावर यायची. माझ्या मुली मला घरोघर जाऊन आणाव्या लागायच्या. एकेका वडिलांसमोर दोन-दोन संध्याकाळी बसायचं, पोहे खायचे, "आमची पोरगी हाफपँट घालून पळणार का?" हे ऐकून घ्यायचं आणि तरी हसत "काका, मी आहे ना सोबत" म्हणायचं. बारा जणींचा संघ उभा करायला एक महिना असाच जायचा. मैदानावर चुना मीच मारायची, कारण शिपाई क्रिकेटकडे. बाहेरगावी स्पर्धा असली की रेल्वेत रात्रभर मी जागी. धर्मशाळेत दाराला आडवी सतरंजी टाकून झोपायची. पिशवीत हळद आणि स्वच्छ कापडाच्या घड्या कायम, कारण कुणाची तरी पाळी सामन्याच्या दिवशीच यायची आणि ते सांगायला तिला दुसरं कोणी नसायचं.

या कामाला कागदावर नाव नव्हतं. लोक त्याला माया म्हणायचे.

एकदा धीर करून सेक्रेटरींकडे गेले. म्हणाले, "ताई, तुम्ही हे आवडीनं करता. पैशासाठी थोडंच करता?" मी शरमेनं मान खाली घालून परत आले. बघा हं, सहाशे रुपये देणारा नाही शरमला, मागणारी शरमली. पुढे चौदा वर्षं शिकवलं, पुन्हा कधी तोंड उघडलं नाही. माझं ते गप्प राहणं माझ्या विद्यार्थिनीला आता महागात पडतंय.

आमची मुलगी अमेरिकेत साऊथ कॅरोलायनात, कोलंबियाला असते. तिच्याकडे गेले असता जावयांनी विद्यापीठाच्या मुलींचा बास्केटबॉल सामना दाखवायला नेलं. अठरा हजारांचं स्टेडियम आणि ही गर्दी! मुलींच्या कॉलेज सामन्याला! कोच डॉन स्टेली. २००८ मध्ये त्या आल्या तेव्हा तिथल्या खुर्च्या रिकाम्या असायच्या, असं शेजारी बसलेल्या आजी सांगत होत्या. २०२१ मध्ये विद्यापीठानं त्यांच्याशी सात वर्षांचा करार केला, २ कोटी २४ लाख डॉलरचा. घरी आल्यावर मी नातीला बसवून या विषयावर मिळेल ते वाचून घेतलं.

सगळं गोड नाही तिथेही. १९७२ मध्ये त्यांच्याकडे 'टायटल नाईन' हा कायदा झाला, सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत स्त्री-पुरुष भेद नको म्हणून. मुलींचे संघ वाढले, पैसा आला. आणि झालं काय? कायद्याआधी मुलींच्या संघांवर नव्वद टक्क्यांहून जास्त कोच बायका होत्या, आता निम्म्याहून कमी. पगार बरा झाल्यावर त्या जागा पुरुषांच्या डोळ्यात भरल्या. मुलांच्या संघावर बाई मात्र अजून क्वचितच दिसते.

मॅरिअन स्टॅन्ली यांची गोष्ट तर माझ्या मनातून जात नाही. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात मुलींच्या बास्केटबॉल कोच. आधीच्या विद्यापीठात तीनदा राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलेलं. १९९३ मध्ये त्यांनी मुलांच्या कोचइतका पगार मागितला. नोकरी गेली, कोर्टात गेल्या, १९९४ आणि पुन्हा १९९९ मध्ये कोर्टानं विद्यापीठाची बाजू उचलून धरली. मुलांच्या कोचचा अनुभव जास्त, शिवाय देणग्या मिळवणं, लोकांसमोर जाणं ही जबाबदारीही जास्त, असं कारण. म्हणजे श्रीमंतांकडून देणगी आणणं ही जबाबदारी. माझ्यासारखीनं बारा बापांकडून परवानगी आणणं ही जबाबदारी नाही?

आपले लोक म्हणतात, क्रिकेटला गर्दी आहे, म्हणून पैसा. अहो, ती गर्दी काही पावसासारखी वरून नाही पडली. मैदान दिलं, बातमी दिली, कोच दिला, मग लोक आले. अमेरिकेत 'मार्च मॅडनेस' हे नावसुद्धा २०२२ पर्यंत फक्त मुलांच्या स्पर्धेला वापरायचे. २०२४ मध्ये मुलींचा अंतिम सामना सुमारे १ कोटी ८७ लाख लोकांनी पाहिला, मुलांचा १ कोटी ४८ लाखांनी.

कोणी सांगेल की सरकारी क्रीडा अधिकाऱ्याच्या पगारात बाई-पुरुष असा भेद नसतो. खरंच नसतो. पण त्या पदावर किती जणी बसतात आणि मानधनाच्या वहीत किती जणी राहतात, ते तुमच्या ओळखीतल्या चार कॉलेजांत मोजून बघा. भेद मानधनाच्या वहीत आहे. तिथे स्केल नाही, जो तो "अडतं की नाही" बघून आकडा टाकतो. क्रिकेटच्या कोचची बायको काय करते, हे समितीनं कधी विचारलंय? ती बँकेत असेल तर त्याचे बावीसचे आठ करणार का?

"बाजारभाव आहे" म्हणू नका. आठ हजारांत ती येते कारण दुसरं कॉलेज सहा देतं. अडलेल्या माणसाकडून स्वस्तात घेण्याला आपल्या घरात काय म्हणतात, ते तुम्हाला माहीत आहे.

पैसे कमी आहेत, मान्य. तीस हजार आहेत ना? मग दोघांना पंधरा-पंधरा. क्रिकेटवाला गेला तर दुसरा शोधा, नाही मिळाला तर वर्गणी काढा. गणपतीच्या मांडवाला आपण काढतोच की. माझी पहिली पावती पाच हजारांची फाडा. शाल परत हवी असेल तर तीही घ्या, इस्त्री करून ठेवलीय.

समितीची बैठक रविवारी आहे. माझं मागणं एवढंच, दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहून सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचा आणि फरकाचं कारणही मोठ्यानं सांगा, नवऱ्याच्या नोकरीसकट.

काल तिचा फोन आला, "ताई, हो म्हणू का?" मी म्हटलं, रविवारपर्यंत थांब. तिनं अजून होकार दिलेला नाही. पण संध्याकाळी मैदान मात्र बघून आली. एक खांब हलतोय म्हणाली.