वारा डोंगराकडून येतो

रसायनीत राहणाऱ्याने समुद्राविषयी लिहावे, हा काही वाचकांना आगाऊपणा वाटेल. आमच्याकडे पाणी म्हणजे पाताळगंगा. खोपोलीच्या वीजघरातून सुटलेल्या पाण्यावर ती उन्हाळ्यातही वाहती असते. समुद्र पाहायचा तर अलिबाग गाठावे लागते. वारा मात्र आम्हाला चांगला ठाऊक आहे. मे महिन्यात दुपारी तीन-चारच्या सुमारास प्रबळगड-माथेरानच्या अंगाला काळे ढग चढू लागले, की मोहोपाड्याच्या बाजारातले भाजीवाले कुणी न सांगता ताडपत्रीच्या दोऱ्या आवळतात. क्षणभर झाडाचे पानही हलत नाही. मग एकदम गार झोत येतो, धूळ उठते, कुणाच्या तरी पडवीवरचे पत्रे जातात, आणि पाऊस त्याच्याही मागून येतो. हा आमचा वळीव.

गेल्या मे महिन्यात असल्याच वळवाच्या वाऱ्याने माझ्या मावसभावाचे खांद्याजवळचे हाड मोडले, आणि तेही उत्तर गोव्यातल्या एका समुद्रकिनाऱ्यावर. म्हणून हा लेखप्रपंच.

काइटसर्फिंग हा खेळ आपल्यापैकी पुष्कळांनी मोबाइलवर पाहिलेला असेल. पायांखाली फळी, कमरेला पट्टा, आणि त्या पट्ट्याला वीस-पंचवीस मीटर दोऱ्यांनी बांधलेला नऊ-दहा चौरस मीटरचा पतंग. वारा पतंग ओढतो, पतंग माणसाला ओढतो. संक्रांतीला आपण पतंग उडवतो तेव्हा तो गोत खाऊ लागला, तर ढील देऊन किंवा मांजा तोडून मोकळे होतो. इथे मांजाच्या टोकाला माणूसच बांधलेला! अर्थात सुटकेची सोय असते. पोटापाशी एक कळ असते. ती ढकलली की पतंगातला जोर जातो. पहिल्या दिवशी पहिला धडा याच कळीचा देतात. भावालाही तो दिला होता.

त्या दिवशी समुद्रावरून छान पश्चिमेचा वारा होता. चारच्या सुमारास पूर्वेला, सह्याद्रीच्या बाजूला, ढग काळवंडले. शिकवणाऱ्याने हात करून सगळ्यांना बाहेर बोलावले. बाकीचे निघाले. आमचे बंधुराज एक फेरी जास्त मारून आले, कारण किनाऱ्यावर कुणी तरी चित्रण करीत होते. वाळूवर पाय टेकले तेव्हा पतंग अजून हवेतच होता. वारा एकाएकी पडला, पतंग मरगळला, आणि दुसऱ्याच क्षणी पाठीमागून, जमिनीकडून, गार झोत आला. त्याने भावाला वाळूवरून वीस-पंचवीस पावले फरफटत नेले आणि ओढून ठेवलेल्या एका होडीवर आदळले. कळ हाताशी होती. मग ढकलली का नाही? तो खाली मान घालून म्हणाला, "लाखाच्या घरातला पतंग होता रे. म्हटलं, सांभाळता येईल." पतंग फाटायचा तो फाटलाच.

मावशी म्हणते, देवाने राखले. मलाही ते एका अर्थी पटते. दहा मिनिटे आधी तो पाण्यात होता, आणि तोच वारा त्याला तेव्हा लागला असता तर होडीऐवजी उघड्या समुद्राकडे घेऊन गेला असता.

भेटायला आलेल्या प्रत्येकाला तो एकच वाक्य सांगत होता : "अचानक झालं." माझा वाद आहे तो या 'अचानक'शी. वाऱ्याच्या या सोसाट्याला इंग्रजीत स्क्वॉल म्हणतात, आणि हवामानशास्त्रात त्याची रीतसर व्याख्या आहे. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे तीस किलोमीटरने एकदम वाढून चाळिसाच्या वर जावा आणि निदान एक मिनिट टिकावा, म्हणजे तो स्क्वॉल. ढगातून पाऊस कोसळू लागला की त्याबरोबर थंड, जड हवाही खाली येते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. म्हणूनच गार वारा पावसाच्या आधी पोचतो. कोकणात मे आणि ऑक्टोबरमध्ये असे ढग बहुधा दुपारी घाटमाथ्यावर तयार होतात, आणि कित्येकदा समुद्राकडे सरकतात. म्हणजे किनाऱ्यावर जे 'अचानक' येते ते डोंगराकाठच्या गावांत आधीच येऊन गेलेले असते. खेळणारा मात्र समुद्राकडे तोंड करून उभा असतो.

त्यातही एक गणित आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. ताशी तीसच्या वाऱ्यासाठी घेतलेला पतंग साठच्या वाऱ्यात चारपट ओढतो. अशा वेळी मनगटातील ताकदीच्या गप्पा व्यर्थ आहेत.

'किनारा जवळच आहे' हा दुसरा भ्रम. या खेळातले अनुभवी लोक उलटे सांगतात. पतंग हवेत असताना किनाऱ्यालगतची जागाच सर्वांत वाईट, कारण आपटायला खडक, भिंती, माड, होड्या, सारे तिथेच असते. म्हणून वाऱ्याच्या दिशेला निदान दोन दोऱ्यांइतके अंतर मोकळे ठेवावे आणि ढग दिसताच पतंग उतरवावा. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. ते आपल्याच वयाचे होते, आणि तेव्हा तर वादळही नव्हते.

काठ जवळ असण्याचा काय उपयोग होतो ते आपल्या जिल्ह्याला फार पूर्वी कळले आहे. १७ जुलै १९४७ रोजी सकाळी 'रामदास' बोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. अवघ्या दीड-दोन तासांचा प्रवास. आषाढ अमावास्येसाठी गावी निघालेल्या माणसांनी बोट भरली होती. काशाच्या खडकाजवळ वाऱ्यापावसाने तिला गाठले. मोठी लाट बोटीवर आली, घाबरलेली माणसे एका बाजूला धावली, बोट कलंडली. सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. मुंबईला बातमी कळली ती संध्याकाळी, आणि तीही पोहून आलेल्यांकडून. रेवसच्या बाजूच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांतून कित्येकांना वाचवले.

माझी आजी त्याच भागातली. तेव्हा ती आठ वर्षांची होती. ती सांगते, धक्क्यावर वाट पाहणारी माणसे दुपारपर्यंत म्हणत होती, "पाऊस बघून बोट सोडलीच नसेल." परत फिरणे किंवा न निघणे हेच शहाणपण, हे काठावरच्या त्या माणसांनी गृहीत धरले होते. ही आठवण सांगताना आजी इथेच थांबते, पुढचे सांगत नाही.

त्या बोटीची आणि माझ्या भावाच्या पतंगाची बरोबरी करण्याचा उद्धटपणा मी करणार नाही. ती माणसे घरी निघाली होती. हा हौसेने गेला होता. वारा मात्र दोन्हीकडे तसलाच, आणि काठही तितकाच जवळ दिसणारा.

आमच्या काही गुरुजनांचे मत असे, की असले खेळ बंदच करावेत. मला ते मान्य नाही. बंदीने खेळ थांबत नाही, तो चोरून होतो, आणि चोरून करणाऱ्याला हात करून परत बोलावणारा कुणी नसतो. कोळी समुद्रावर जाणे सोडत नाहीत. पण नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिल्यावाचून होडी काढायची नाही, हा त्यांचा जुना रिवाज. पश्चिम किनाऱ्यावर जून-जुलैत सरकारी मासेमारीबंदीही असते. केव्हा जायचे नाही हे ठरवून ठेवलेले असले, की निघणाऱ्याला फारशी फुशारकी मारावी लागत नाही आणि थांबणाऱ्याला लाजावे लागत नाही.

आपल्यात नेमके तेच नाही. परत फिरणाऱ्याला आपण हसतो. मी स्वतः हसलो आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या वर्गाची सहल अलिबागला गेली होती. एक मैत्रीण आभाळ पाहून म्हणाली, "आपण आता पाण्याबाहेर येऊ या." आम्ही तिला संध्याकाळपर्यंत 'वेधशाळा' म्हणून चिडवले. त्या दिवशी काही झाले नाही, हे आमचे नशीब. ती त्यानंतर एकाही सहलीला आली नाही, आणि कारण कुणी विचारले नाही. तिची क्षमा मागायची म्हणूनही हा लेख मी लिहायला घेतला, हे इथे कबूल करतो.

सहलीच्या सूचनाफलकावर डबा, टोपी, ओळखपत्र, वेळेवर हजेरी, सारे असते. भरती-ओहोटीची वेळ नसते. हवामान खाते गडगडाटी पावसाचा पुढच्या तीन तासांपुरता इशारा देत असते, आणि तो प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाइलवर दिसतो. तो पाहण्याची जबाबदारी एका विद्यार्थ्याकडे द्यायला काय हरकत आहे? आणि त्याने 'चला बाहेर' म्हटले, तर सरांनीही निमूटपणे बाहेर यावे. (सरांविषयी आदर राखूनच हे लिहितो आहे.)

भावाचे हाड जुळले आहे. येत्या एप्रिलमध्ये तो पुन्हा जाणार. मावशीने आधी डोळ्यांत पाणी आणले, मग अट घातली, की मला बरोबर न्यायचे. मला पतंग सांभाळता येत नाही आणि पोहणेही बेताचेच. माझे काम ठरले आहे : दुपारी तीननंतर समुद्राकडे पाठ करून वाळूत बसायचे, आणि डोंगराकडे बघत राहायचे.