अपठित पदवी

दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली मुले पदवीच्या वर्गात अडखळली, की ‘इंग्रजी कच्चे’ हे निदान ठरलेले आणि ‘स्पोकन इंग्लिश’चा वर्ग हे औषधही. पण बोलण्याचे इंग्रजी वेगळे आणि पाठ्यपुस्तकाचे वेगळे, हे भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्येच मांडले. कॅनडात आलेल्या स्थलांतरित मुलांना पहिले दोनेक वर्षांत जमे; दुसऱ्यात बरोबरी साधायला पाच ते सात वर्षे लागत, तीही चहूकडे इंग्रजी असताना. शब्दसंपदेचे अभ्यासक पॉल नेशन यांच्या हिशेबाने कोशाविना वाचायचे तर मजकुरातले ९८ टक्के शब्द ओळखीचे हवेत. वीस शब्दांमागे एक जरी अडला, तरी चारशे शब्दांच्या पानावर वीस ठेचा लागतात, आणि शेवटच्या ओळीपर्यंत पोचेतो पहिला मुद्दा निसटलेला असतो. मग विद्यार्थी गाइड आणि ‘आयएमपी’ प्रश्नांकडे वळतो, त्याला आळशी कसे म्हणावे? पुस्तक न उघडता उत्तीर्ण होण्याची सोय प्रश्नपत्रिकेनेच करून ठेवली आहे.

यावर मराठीतून उच्चशिक्षण हा उपाय सुचवला जातो. तो हवाच, संकल्पना आपल्या भाषेत लवकर उमगते. पण २०२३ च्या ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयोगटातील सुमारे २५ टक्के मुलांना स्वतःच्या प्रादेशिक भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूरही सफाईने वाचता आला नव्हता. ही पाहणी देशातल्या २८ जिल्ह्यांपुरती होती आणि त्यातली सगळीच मुले महाविद्यालयात जाणारी नव्हेत, हे खरे. तरीही माध्यम बदलले म्हणजे वाचन आपोआप येते, ही समजूत या पाहणीपुढे टिकत नाही.

‘वाचायला शिकवणे हे शाळेचे काम, आमचे नव्हे,’ असे प्राध्यापक म्हणतील. अक्षरओळख शाळेचीच, पण अर्थशास्त्राच्या उताऱ्यात गृहीतक कुठे संपते आणि निष्कर्ष कुठे सुरू होतो, हे अर्थशास्त्राच्या शिक्षकाखेरीज कोण दाखवणार? भाषांतराचे ॲप शब्द देईल, ही वाट दाखवणार नाही. शाळेच्या भाषेच्या पेपरात असणारा अपठित उतारा विद्यापीठांनी प्रत्येक विषयाच्या प्रश्नपत्रिकेत आणावा: उतारा इंग्रजी, उत्तर मराठीत लिहिण्याची मुभा. तपासणीला वेळ जास्त लागेल आणि पहिल्या वर्षी निकालही घसरेल. त्या घसरलेल्या निकालाची जबाबदारी घ्यायला विद्यापीठे तयार आहेत काय, एवढेच पाहायचे.