सहल कोणाच्या दाराशी न्यायची?

गेल्या हिवाळ्यात समाजकार्याच्या विद्यार्थ्यांच्या एका अभ्यास सहलीबरोबर मी गेले होते. तीसेक मुलंमुली, दोन प्राध्यापक आणि क्षेत्रकार्याची मार्गदर्शक म्हणून मी. कार्यक्रमात आपल्याच जिल्ह्यातलं एक गाव होतं. १९७८ साली नामांतराच्या दंगलीत तिथली दलित वस्ती जाळली गेली होती. वस्तीत सतरंजी अंथरली गेली, चहा झाला आणि साठी ओलांडलेल्या एका बाईंना मध्ये बसवून मुलांनी प्रश्न सुरू केले. ‘तेव्हा तुम्हाला कसं वाटलं?’ एक मुलगा मोबाइलवर चित्रण करत होता. बाई थोडा वेळ बोलल्या. आग, पळापळ, कडेवरचं लेकरू, आणि मग महिनाभराने पोटासाठी त्याच लोकांच्या रानात खुरपायला जाणं. मग थांबल्या आणि म्हणाल्या, ‘आमचं समद्यांनी लिहून नेलं, बाई. आता आम्हाला काय इचारता? तिकडं गावात जा. त्यांनी त्या रात्री काय पाहिलं ते इचारा.’

आम्ही गावात गेलो नाही. जेवणाची वेळ झाली होती आणि पुढे औंढ्याला जायचं होतं.

परतीच्या गाडीत गाण्याच्या भेंड्या चालल्या होत्या. मला मात्र बाईंचं वाक्य सोडेना. आपल्याकडच्या सहली बहुधा अजिंठा-वेरूळ, देवगिरीचा किल्ला, समाजकार्याच्या असल्या तर आनंदवन किंवा हिवरे बाजार अशा जातात. अत्याचाराच्या गावी मुलांना न्यावं असं त्या विभागाला वाटलं, हे चांगलंच झालं. पण नेऊन आम्ही काय केलं? ज्यांनी सोसलं त्यांना पुन्हा एकदा सांगायला लावलं आणि ज्यांनी केलं किंवा पाहिलं त्यांच्या दारावरून गाडी नेली.

तरुण मैत्रिणींसाठी थोडा इतिहास सांगायला हवा. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. नांदेड, परभणी (तेव्हा हिंगोली परभणीतच होतं) आणि इतर जिल्ह्यांत वस्त्या जाळल्या गेल्या, लोकांना गावं सोडावी लागली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळेंना ठार मारण्यात आलं. नाव मिळालं ते साडेपंधरा वर्षांनी, १४ जानेवारी १९९४ रोजी, आणि तेही ‘मराठवाडा’ कायम ठेवून. त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं आणि आपल्या जिल्ह्यातली महाविद्यालयं तिकडे जोडली गेली. आज या महाविद्यालयांत शिकणाऱ्या कितीतरी मुलींना यातलं काहीच माहीत नसतं.

अशा जागी तरुणांना कसं न्यायचं, याचा सगळ्यात जास्त विचार झाला आहे तो नाझींच्या छळछावण्यांच्या बाबतीत. साठ लाख ज्यूंची हत्या झाली. पोलंडमधल्या एकट्या आउशवित्झमध्ये सुमारे अकरा लाख माणसं मारली गेली, त्यांतले दहा लाखांच्या आसपास ज्यू. १९४७ साली तिथे संग्रहालय झालं आणि आज जगभरातून विद्यार्थी तिथे जातात. जर्मनीच्या बव्हेरिया राज्यात तर माध्यमिक शाळांच्या अनेक विद्यार्थ्यांना छळछावणीच्या स्मारकाची भेट सक्तीची आहे.

आपल्याकडच्या घटना आणि तो संहार एका मापाने मोजता येणार नाहीत, मोजूही नयेत. शिकायचं आहे ते त्यांच्या पद्धतीकडून. तिथेही सुरुवातीला केस, बूट, भट्ट्या दाखवून मुलांना हादरवून सोडलं की काम झालं असं अनेकांना वाटे. रडून मोकळी झालेली मुलं काही शिकतातच असं नाही, हे हळूहळू शिक्षकांच्या ध्यानात आलं. १९७६ साली जर्मनीत राजकीय शिक्षणाबद्दल एक सहमती झाली. तिचं पहिलंच सूत्र असं की विद्यार्थ्यांना भारावून टाकून त्यांच्याकडून मत वदवून घ्यायचं नाही, त्यांना विचार करू द्यायचा.

दोन जागांबद्दल मला विशेष सांगायचं आहे. बर्लिनजवळ वान्झे इथे तळ्याकाठी एक बंगला आहे. २० जानेवारी १९४२ रोजी पंधरा अधिकारी तिथे जमले आणि युरोपातल्या ज्यूंच्या संहाराची खात्यांमधली कामं ठरली. निम्म्याहून अधिक डॉक्टरेट मिळवलेले होते. १९९२ पासून तिथे स्मारक आहे. तिथे कारकून, परिचारिका, वकील अशांचे गट येतात आणि आपल्या पेशाने तेव्हा काय केलं, हे जुन्या कागदांमधून शोधतात.

दुसरी जागा राव्हेन्सब्रुक. ही १९३९ साली सुरू झालेली स्त्रियांची छळछावणी. सुमारे एक लाख वीस हजार स्त्रिया आणि मुलं इथे डांबली गेली. त्यांच्यावर पहाराही बायकांचाच होता. त्या पहारेकरणींच्या घरांमध्ये आज युवा वसतिगृह आहे. अभ्यासाला आलेल्या मुली जिथे झोपतात, तिथे एकेकाळी त्यांच्याच वयाच्या मुली नोकरी करून रात्री परतत असत. मुली तिथे कोणता प्रश्न घेऊन झोपत असतील, याची कल्पना आपण करू शकतो.

याच छावणीतून स्त्रियांना इतर छावण्यांमधल्या वेश्यागृहांत पाठवलं गेलं. युद्धानंतर कित्येक वर्षं स्मारकांत त्यांचा उल्लेख नव्हता. त्यांतल्या बऱ्याच जणींवर ‘समाजविघातक’ असा शिक्का होता, आणि तो शिक्का मारलेल्यांना नाझींचे बळी म्हणून जर्मन संसदेने मान्य केलं ते २०२० साली.

हा शिक्का मारायला कोण मदत करत होतं? घरभेटी करणाऱ्या समाजसेविकासुद्धा. १९३३ च्या सक्तीच्या नसबंदीच्या कायद्याखाली सुमारे चार लाख माणसांवर शस्त्रक्रिया झाल्या. कोणाचं घर अस्वच्छ, कोणाची चालचलणूक बरी नाही, हे अहवाल आमच्यासारख्या बायांनी लिहिले होते. माझ्या एमएसडब्ल्यूच्या दोन वर्षांत हे मला कोणी शिकवलं नाही. मीही घरभेटीचे अहवाल लिहिते. ‘कुटुंब सहकार्य करत नाही’ असं वाक्य मीही सहज लिहून गेले आहे.

लोक म्हणतात, जुन्या जखमा कशाला उकरता? जखम जुनी असती तर प्रश्न वेगळा होता. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागलं, धरपकड झाली आणि अटक झालेले सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावले. ते कायद्याचं शिक्षण घेत होते. त्यांच्या आईला न्यायासाठी न्यायालयात जावं लागलं. सोसणाऱ्याच्याच आईने सांगत राहायचं, झगडत राहायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, ही वाटणी अजून बदललेली नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की या सहली बंद करू नयेत, त्यांची दिशा बदलावी. जाण्याआधी महिनाभर मुलांनी त्या काळातली वर्तमानपत्रं वाचावीत. पंचनामा कोणी केला, त्यात बाईवरचा अत्याचार नोंदला गेला का, शाळा कधी उघडली, पिठाची गिरणी कोणाला बंद होती, असे प्रश्न घेऊन जावं. वस्तीत जायचं तर आधी विचारून, कॅमेरा बाजूला ठेवून, आणि ज्या बाईचा दिवस आपण घेतो तिची त्या दिवसाची मजुरी देऊन. आणि गावातही जावं. दारं उघडणार नाहीत, उडवाउडवी होईल. तीही मुलांनी पाहावी आणि लिहावी. तिथल्या बायकांना विचारावं, की तुमच्याबरोबर खुरपणाऱ्या बाईचं घर जळत होतं तेव्हा तुम्ही कुठे होता? आपण ‘साऱ्या बायका एक’ असं शिबिरांत म्हणतो, तर हा प्रश्न आपल्याला टाळता येणार नाही.

त्या सहलीतली एक मुलगी महिन्याभराने मला भेटली. तिचं आजोळ त्याच गावाशेजारी. तिने आजीला विचारलं होतं. आजी बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, ‘आम्ही दारं लावून बसलो होतो. आवाज येत होता.’ एवढंच. पण इतक्या वर्षांत त्या घरात हे पहिल्यांदा बोललं गेलं होतं.

माझे आजोबा त्या काळी तलाठी होते. जळालेल्या घरांचे पंचनामे त्यांनी केले, एवढंच मला ठाऊक आहे. त्यांत त्यांनी काय लिहिलं आणि काय गाळलं, हे मी कधी विचारलं नाही. आता ते नाहीत. ज्यांच्या घरात अजून कोणी सांगणारं आहे, त्यांनी विचारावं आणि इथे लिहावं. सहलीला निघण्याआधीचा पहिला अभ्यास तोच होईल.